चटईखालची सरकी

अहो, ऐकताय ना?

तुम्हाला पत्र लिहायची वेळ आजवर एकदाच आली होती, पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले तेव्हा. ते तुम्ही ओठ हलवत, अक्षर लावत वाचलंत म्हणून माझ्या भावानं, दिगूनं, तुमची किती थट्टा केली होती! शाळेत सगळं उर्दूतून शिकलेला माणूस, सरकारी अर्ज घडाघडा वाचायचा आणि बायकोच्या मराठी चार ओळींना त्याला घाम फुटायचा. आता हे दुसरं पत्र. सावकाश वाचा.

तेरावं पार पडलं, पाहुणे आपापल्या गावी गेले. आणि काल दुपारी माझ्या भावानं, तुमच्या लाडक्या मेहुण्यानं, ओसरीवर बसून मला जे सांगितलं त्यानं माझं रडणंच थांबलं. मला तुमचा राग आला. असा राग, की तुम्ही समोर असतात तर घरातली सगळी भांडी आपटून झाली असती. मुदतीच्या तापानं तुम्हाला नेलं आणि भांडायला माणूस ठेवला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

दिगू माहेरचं लुगडं घेऊन आला होता, दुखवट्याचं. रीतीप्रमाणे त्यानं ते माझ्या हातात द्यायचं, पण तो ते मांडीवरून सोडेना. मला वाटलं, माझं मोकळं कपाळ बघून याला भरून आलंय. "दे की रे," म्हटलं. तर मान खाली घालून म्हणतो, "अक्का, आधी ऐक. मग घ्यायचं का न्हाई ते तू ठरव. दाजींनी मला शपथ घातली व्हती. ते हायत तवर बोलायचं न्हाई म्हणून."

"कशाचं?"

"त्या मॅचचं."

अहो, परभणी सोडून पेडगावच्या या घरात आल्यापासून तो शब्द कुणी तोंडातून काढला नव्हता. गल्लीत पोरं फळकुटाची बॅट घेऊन खेळायला लागली की तुम्ही उठून गोठ्यात जायचात. मी तुमच्या पाठीकडे बघत राहायची. आणि इकडे माझ्या सख्ख्या भावाला सगळं ठाऊक होतं!

परभणीत असताना आपण काय डौलात राहत होतो, आठवतं? कागदोपत्री तुम्ही रावसाहेबांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावरचे कारकून. खरा पगार चेंडू टाकण्याचा, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. रावसाहेबांनी हैदराबादच्या नवाबांचं बघून संघ उभा केला, कप्तान स्वतः झाले, आणि पळायला नको म्हणून स्टंपांमागं उभे राहायला लागले. बाकी खेळायला तुम्ही होतातच. जिनिंगच्या आवारात आपल्याला दोन खोल्या मिळाल्या होत्या. तुमच्या शब्दावर दिगूलाही तिथंच काम मिळालं, मैदानाची देखभाल करायचं. माझे वडील मास्तरकीतून थकून घरी बसले होते. दिगूच्या त्या कामावर माझं माहेर उभं राहिलं.

खोल्यांच्या मागं तुम्ही रोज सराव करायचात आणि मला पान मांडायला लावायचात. पळसाचं एक पान मी जमिनीवर ठेवायची आणि बाजूला व्हायची. धावत येऊन तुम्ही चेंडू बरोबर त्या पानावर टाकायचात. मी मुद्दाम पान वीतभर सरकवायची, तुमचा टप्पाही वीतभर सरकायचा. शेजारच्या बायका हसायच्या, की ह्यांचा नवरा-बायकोचा खेळ बघा! माझ्या पोळ्या करपायच्या, पण तुमचा टप्पा चुकलेला मी कधी पाहिला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुमचा हात परभणीत माझ्याइतका कुणी जवळून बघितला नव्हता.

आणि मग ती नांदेडची मंडळी आली. त्यांचे कप्तान इनायतभाई. उंच, सडपातळ, बोलण्यात साखर आणि खेळण्यात पोलाद. आदल्या हंगामात नांदेडला त्यांनी आपल्या संघाची दाणादाण उडवली होती, तो डंख रावसाहेबांच्या मनातून गेला नव्हता. या खेपेला त्यांनी थेट जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांनाच बोलावलं, शामियाना ठोकला, आणि भर बाजारात बोलून बसले की नांदेडकरांना रिकाम्या हातानं परत पाठवतो. रावसाहेब तसे वाईट नव्हते हो. आपल्या शांतीच्या बारशाला स्वतः आले होते. पण त्यांना हरायची सवय नव्हती.

आम्ही बायका सरकीच्या गोदामाच्या ओट्यावर, चिकाच्या पडद्याआड बसलो होतो. मध्ये वैनीसाहेब, रावसाहेबांच्या मंडळी, आणि त्यांच्याजवळ मला मान देऊन बसवलेलं. मुख्य खेळाडूची बायको ना मी! सकाळी आपला संघ आधी खेळला आणि लवकर गडगडला. वैनीसाहेबांनी माझा हात दाबला. "घाबरू नको, द्वारका. तुझे मालक आहेत की अजून."

जेवणाच्या सुट्टीत रावसाहेबांनी पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं. तेवढ्या वेळात मैदानावर दिगूचं काम चाललेलं. आपली काळी माती उन्हानं भेगाळते, म्हणून मुरूम टाकून, रोलर फिरवून त्यावर काथ्याची चटई अंथरायची आणि कडेनं लोखंडी मेखा ठोकून ती ताणायची, हे तुम्हीच मला शिकवलंत. सुट्टीत ती चटई उचलून झाडायची आणि पुन्हा ताणायची. मग खेळायला उतरणाऱ्या संघाच्या कप्तानानं जोडे काढून तिच्यावरून अनवाणी चालायचं आणि 'कबूल' म्हणायचं, अशी आपल्याकडची रीत. कुठं उंचवटा असला, सुरकुती असली, तर ती तळपायाला कळते.

त्या दिवशी इनायतभाईंनी जोडे काढले नाहीत. मी चिकाच्या फटीतून पाहिलं. ते चटईच्या कडेला आले, दिगूकडे पाहून हसले, उजवा हात छातीवर ठेवला आणि नुसती मान लववली. मला ते अदबीचं वागणं किती आवडलं! ते काय म्हणाले हे मला काल कळलं. दिगू सांगत होता, "म्हणाले, 'अरे, जिनके दस्तरखान पर अभी खाना खाए, उनकी चटई कू पाँव से टटोलते क्या? कबूल है, कबूल है.' अक्का, त्यांनी जोडे काढले असते तर मी वाचलो असतो गं."

कारण चटईखाली सरकी होती.

दोन मुठी. कडुलिंबाकडच्या टोकाला, बरोबर तुमच्या टप्प्याच्या जागी. जिनिंगच्या आवारात सरकी कुठं नसते? कुणाच्या लक्षातही आलं नसतं. रावसाहेबांनी जेवायला बसण्याआधी दिगूला बाजूला घेतलं आणि जागा बोटानं दाखवली. दिगू म्हणाला, "साहेब, हे बरं न्हाई." तर ते म्हणाले, "तुझं बरं कुठं हाय ते तुला कळतं का?" एवढंच. आणि माझ्या भावानं सरकी टाकली.

तुम्हाला त्यांनी काय सांगितलं होतं? दिगू म्हणतो, फक्त एवढं, की नेहमीचा टप्पा टाक, बाकीचं आम्ही बघितलंय. तुम्हाला त्यातलं काही कळलं नव्हतं ना? मी तसंच धरून चालले आहे.

तुमचा पहिला चेंडू मला अजून दिसतो. तुमची ती आठ पावलांची धाव, हाताचा तो झोका, आणि टप्पा पडला मात्र, चेंडू असा उसळला की इनायतभाईंच्या गळ्याखाली जाऊन आदळला. सगळं मैदान ओरडलं. बायकांनी टाळ्या पिटल्या. इनायतभाई गुडघ्यावर बसले होते. तुम्ही धावत गेलात, त्यांची छाती चोळलीत. ते उठले, बॅट काखेत धरून तुम्हाला चक्क टाळ्या देत काहीतरी म्हणाले. तेही दिगूनं सांगितलं. "वाह भाई! ऐसी गेंद जिंदगी में नहीं देखी!"

ते ऐकून तुम्हाला काय झालं असेल?

मला एवढंच दिसलं की तुम्ही टप्प्याच्या जागेकडे एकदा पाहिलंत. मग सीमेवर उभ्या असलेल्या दिगूकडे पाहिलंत. त्यानं खाली बघितलं. मग तुम्ही चेंडू धोतराला पुसत परत चालत गेलात, नेहमीपेक्षा हळू.

दुसरा चेंडू टप्पा न पडता थेट इनायतभाईंच्या बॅटवर. चार रन. तिसरा तसाच. चौथा तसाच. वैनीसाहेब म्हणाल्या, "हात घसरला वाटतं." मी हो म्हटलं. पुढच्या ओव्हरला पुन्हा तेच. एकही चेंडू जमिनीला लागेना. मी पदराचं टोक तोंडात धरून बसले होते. पान कुठंही मांडलं तरी न चुकणारा तुमचा हात! हा माणूस मुद्दाम करायलाय, हे त्या सगळ्या मैदानात पहिल्यांदा मला कळलं.

हळूहळू बाकीच्यांनाही कळायला लागलं. कुणीतरी शीळ घातली. "फुलटॉस! फुलटॉस!" अशी आरोळी उठली. ओट्यावरच्या बायका एकेक करून माझ्याकडे वळून बघायला लागल्या. वैनीसाहेबांनी माझ्या हातावरचा आपला हात कधी काढून घेतला, मला समजलंही नाही.

दिगू पाणी घेऊन तुमच्याकडे आला होता, तेव्हा तुमच्यात झालेलं बोलणं मला काल शब्दन् शब्द कळलं.

"काय घातलंस खाली?"

"सरकी, दाजी."

"काढता येईल?"

"आता? भर मैदानात? तालुकदारसाहेब बसलेत हो. मला फोडून काढतील."

तुम्ही पाणी प्यायलात. गडवा त्याच्या हातात देत म्हणालात, "जा. आणि तोंड सरळ ठेव. रडवं करू नको."

मग रावसाहेब तुमच्याकडे आले. लांबूनसुद्धा त्यांचं तापलेलं तोंड दिसत होतं. तुम्ही बाजूला व्हायला हवं होतं ना? तब्येतीचं निमित्त सांगता आलं असतं! पण तुम्ही चेंडू सोडला नाहीत. त्यांना म्हणालात, "अंदाज यायलाय साहेब. आता पडतोय बघा टप्पा." पुन्हा एकदा आले तेव्हाही तेच. तुम्हाला त्या टोकावरून काढलं असतं तर दुसरा कोण टाकणार होता? तो दांडगट गडी, ज्याचा चेंडू कुठं जाईल हे त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं. त्याचा वेग आणि खाली ती सरकी. कुणाचा डोळा गेला असता, कुणाचे दात. म्हणून तुम्ही ती जागा अडवून बसलात. तुमच्या हातात चेंडू होता तोवर त्या जागेवर दुसऱ्याचा टप्पा पडणार नव्हता.

दिगूनं हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मला तुमचा अभिमान वाटला, आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, अहो, पण तुम्हीही फसवलंतच की! ज्याचा पगार घेत होतात त्याला "टप्पा पडतोय" म्हणून खोटं सांगितलंत. तुमच्या बाजूनं जीव तोडून पळणाऱ्या बाकीच्या गड्यांना काय माहीत होतं? इनायतभाईंना तरी काय माहीत होतं? ते बिचारे प्रत्येक चेंडूला खरा चेंडू समजून खेळत होते. एका लबाडीवर तुम्ही दुसरी लबाडी अंथरलीत. तेवढ्या वेळात तुम्हाला दुसरं काही सुचलं नाही, हे मी समजू शकते. नंतर इतकी वर्षं होती, तेव्हा?

रावसाहेबांनी तुम्हाला काढलं तेव्हा नांदेडला जिंकायला दोन-चार रन उरले होते. ते दुसऱ्या टोकाकडूनच निघाले. संपलं. सगळे पांगत होते तेव्हा दिगूनं चटई गुंडाळली आणि सरकी हातानं गोळा करून धोतराच्या सोग्यात बांधली. कुणीही पाहिलं नाही.

रावसाहेबांची पंचाईत अशी झाली, की खरं बोलावं तर चटई उघडी पडते, आणि गप्प बसावं तर तालुकदारसाहेबांपुढं नाक कापलेलं. मग त्यांनी सोपा रस्ता धरला. गणपतराव विकला गेला, नांदेडकरांनी त्याला विकत घेतला, अशी आवई त्यांच्या माणसांनी बाजारात सोडली. संध्याकाळच्या आत ती घरोघर पोचली. खोल्या सोडायचा निरोप आला. मी शांतीला कडेवर घेऊन बिऱ्हाड बांधत होते आणि शेजारच्या बायका दारात येऊन बघत उभ्या होत्या.

त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं. "तुम्ही मुद्दाम टाकलंत. का?" तुम्ही नाही म्हणाला नाहीत. "विचारू नको, द्वारके." एवढंच म्हणालात. "तुम्ही त्यांच्याकडून काही घेतलंत?" "न्हाई." मी पुढं विचारलं नाही. तुम्ही मुद्दाम टाकलं याची मला खात्री होती, आणि तुम्ही विकले गेला नाहीत याचीही खात्री होती. या दोन्ही खात्र्या घेऊन मी तुमच्याबरोबर नांदले. चुलतसासूबाई म्हणाल्या, "नवऱ्यानं नाव घालवलं," तर त्यांच्या दारचं पाणी पिणं बंद केलं मी. बाजारात पोरं "फुलटॉसवाले आले" म्हणून ओरडली तेव्हा कोण धावलं होतं अंगावर? तुम्ही तर खाली मान घालून मिरच्या निवडत उभे होतात!

हे सगळं सोसलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती इनायतभाईंची.

ते पेडगावला आले होते तो दिवस आठवा. टांग्यातून उतरले, ओसरीवर टेकले, मी आतून चहा पाठवला. दाराआड उभी राहून मी सगळं ऐकलं. किती वाळले होते! म्हणाले, "गणपतराव, नांदेड में लोगां बोलते, मैं आपकू खरीद के जीत्या. मैंने बल्ला रख दिया, भाई. खेलने कू जी नहीं होता. मैं आपकू क्या दिया? एक बार मेरे साथ चल के बोल देव ना." त्यांच्या आवाजात नुसती विनवणी होती. आणि तुम्ही? "मला काही बोलायचं न्हाई, इनायतभाई." त्यांनी चहा तसाच ठेवला. जाताना आदाब मात्र केला.

त्यांचं काय चुकलं होतं हो? तुमच्या चटईवर विश्वास ठेवला, हेच ना? त्यांना एकदा चटईनं फसवलं आणि एकदा तुमच्या मौनानं. तुम्ही आपलं नाव घालवलंत, ते तुमचं होतं, तुम्ही घालवू शकत होतात. त्यांचं नाव घालवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

काल मी दिगूला विचारलं, "पण का? एवढं सगळं गिळून बसायचं कारण काय?"

त्यानं मांडीवरच्या लुगड्याची घडी सारखी केली. मग म्हणाला, "तू, अक्का."

"मी?"

"मी दाजींच्या पाया पडलो व्हतो. म्हणलं, मी जाऊन सांगतो सगळ्यायला, जे व्हायचं ते व्हईल. तर म्हणाले, तू सांगितलंस की तुझं काम जाईल, तुझे वडील उघड्यावर येतील, आणि द्वारका तुला परत दारात उभं करणार न्हाई. मला तिचा स्वभाव ठाव हाय. तिचं माहेर तुटंल. नाव माझं गेलंय, माहेर तिचं कशाला घालवायचं? मग शपथ घातली."

अहो! काय बोलू मी तुम्हाला?

माझं माहेर राखायला तुम्ही जन्मभर 'फुलटॉसवाले' म्हणवून घेतलंत. मी दर दिवाळीला दिगूला ओवाळलं, त्याच्या ताटात पुरण वाढलं, आणि तुम्ही शेजारच्या पाटावर बसून "अजून घे रे" म्हणत होतात. मला एकदाही तुमच्या तोंडावर काही दिसलं नाही. मला कधी विचारलंत का, द्वारके, तुला काय पाहिजे? माझ्या वतीनं सगळं तुम्हीच ठरवलंत! तुम्ही माझा स्वभाव ओळखला होतात, एवढं मात्र खरं. तेव्हा कळलं असतं तर मी दिगूला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. वडिलांनी त्याची बाजू घेतली असती तर मी त्यांच्याशीही बोलले नसते. आज सांगते, तुम्ही बरोबर ओळखलं होतंत. आणि तरीही मला सांगायला हवं होतं. बायको होते मी तुमची, नुसतं पान मांडणारी नव्हते.

काल दिगू रडत होता. चाळिशीला टेकलेला माणूस, मिशा भिजवून रडत होता. मी त्याला रडू दिलं. मग विचारलं, "अजून मैदान तूच बघतोस?"

"हो."

"चटई तूच अंथरतोस?"

"हो. पण त्यानंतर पाहुण्यायला जोडे काढल्याबगर मी खेळूच देत न्हाई, अक्का. रावसाहेब चिडतात. तरी देत न्हाई."

"उद्या माझ्याबरोबर नांदेडला यायचं."

त्याचं तोंड पांढरं पडलं. "इनायतभाईकडं?"

"इनायतभाईंकडं. त्यांच्या घरी, चार माणसं बोलावून. जे मला सांगितलंस ते त्यांना सांगायचं. मी शेजारी बसते. आणि परत आल्यावर परभणीच्या बाजारात पण."

"रावसाहेब मला ठेवायचे न्हाईत. पोरं लहान हायत गं माझी."

"नको ठेवू दे. इथं जमीन आहे. ती करायला आता घरात पुरुषमाणूस नाही. बायकापोरं घेऊन इथं ये. मागच्या खोलीत राहा."

"तू मला ठेवून घेशील? हे ऐकून पण?"

खोटं कशाला लिहू? तुम्ही खाली मान घालून मिरच्या निवडताना माझ्या डोळ्यांपुढं आलात आणि वाटलं, याला आत्ता उठून जा म्हणावं. तसे शब्द अगदी ओठांवर आले होते. मग मी हात पुढं केला आणि त्याच्या मांडीवरचं लुगडं उचलून घेतलं.

"नांदेडला तोंड उघडलंस तर," म्हटलं. "नाही उघडलंस तर हे लुगडं मी स्वतः तुझ्या दारात आणून टाकीन."

तो हो म्हणाला. पहाटेपासून आंघोळ करून, धोतर घट्ट खोचून बसलाय. मला तर भीती वाटते आहे. इनायतभाई आम्हाला दारात उभं करतील की नाही, कोण जाणे! त्यांनी विचारलं, की बाई, इतकी वर्षं कुठं होतात, तर मी काय सांगू? ऐकून संतापले तरी त्यांना कोण नाव ठेवणार?

एक गोष्ट मात्र मी ठरवली आहे, ती तुम्हाला आवडो न आवडो. दिगू म्हणत होता, "अक्का, सरकीचं सांगू, दाजी विकले गेले न्हाईत हे सांगू. पण ते चेंडू मुद्दाम सोपे टाकले, हे कशाला सांगायचं? त्या रनांचा त्यायला लय अभिमान हाय म्हणे." आणि क्षणभर मलाही वाटलं, खरंच, कशाला? तुमचं नाव धुऊन निघेल, त्यांचा आनंद राहील, सगळं गोड होईल.

नाही. असं अर्धं झाकून ठेवूनच इथवर आलो आपण सगळे. मी तुमची बायको आहे, तुमच्या बाजूनं बोलायला निघाले आहे, तरी तुमच्या बाजूचं तेवढंच सांगणार नाही. तुम्हाला वचन देते, की त्यांच्यासमोर सगळंच्या सगळं मांडीन. माझ्या भावानं फसवलं हे सांगीन. तुम्ही विकले गेला नाहीत हे सांगीन. तुम्ही त्यांचा मार वाचवलात हे सांगीन, आणि त्यांना न विचारता त्यांचा सामना त्यांच्या हातून काढून घेतलात, दारात आले तेव्हा त्यांना तोंडघशी पाडलंत, हेही सांगीन. तुमच्यातर्फे माफी मागीन. ती त्यांनी दिली तर तुमची, नाही दिली तर तो नकारही तुमचाच. मी तिथं काही गोड करून सांगणार नाही.

दिगू अंगणातून हाका मारतोय. गाडीची वेळ झाली.

तुमच्यावर अजून रागावलेली,
तुमचीच
द्वारका